पहिलं पिस्तूल घेण्याआधी सरावाचं बोला

पहिल्यांदाच हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर, घ्यायला निघालेला माणूस जाणकारांना बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: कुठलं घेऊ? मग गोळीच्या व्यासावर, कंपनीच्या नावावर, सांगाडा पोलादाचा बरा की पॉलिमरचा यावर तासन्‌तास चर्चा रंगते. महिन्याला किती गोळ्या झाडणार, कुणाकडून शिकणार, घरात ते हत्यार कुठे ठेवणार आणि घरातल्या आणखी कुणाच्या हाती ते लागू शकतं, हे प्रश्न मात्र खरेदी झाल्यावर आठवतात. काही घरांत ते कधीच आठवत नाहीत. हा क्रम उलटा व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. आधी सरावाचा आणि साठवणीचा बंदोबस्त, मग हत्यार. आणि हा क्रम घेणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता परवान्याच्या अटींतच घालायला हवा.

घरात हत्यार मुळीच नको म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. घुसलेल्या हल्लेखोरापासून स्वतःचा आणि घरच्यांचा जीव वाचवण्याचा हक्क मला मान्य आहे, आणि काही घरांसाठी हँडगन हे त्याचं रास्त साधन असू शकतं. २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात घरी हँडगन बाळगण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा लोक तीच का पसंत करतात याची कारणंही निकालात दिली. अडचणीच्या वेळी चटकन हाती येईल अशी ती ठेवता येते, हल्लेखोराला सहज हिसकावून घेता येत नाही, दंडात फार ताकद नसलेल्यालाही उचलता येते, आणि एका हाताने रोखून दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन लावता येतो. ही कारणं खरी आहेत. पण चटकन हाती येणारी वस्तू मुलाच्याही हाती तितकीच चटकन येते. रायफलीला खांद्याचा आधार असतो आणि तिची लांब नळी वळवायला अख्खं शरीर फिरवावं लागतं. पिस्तुलाची वीतभर नळी मनगट जरासं हललं तरी शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच माणसाकडे वळते. बंदुकांच्या सगळ्या प्रकारांत नीट शिकायला सगळ्यात अवघड हीच, आणि घरच्या संरक्षणाचा विचार करणारे बहुतेक जण सुरुवात करतात तीही हिच्यापासूनच.

म्हणून ‘कुठलं’ या प्रश्नाचं माझं उत्तर एका कसोटीवर उभं आहे: ज्याच्याशी तुम्ही न कंटाळता, न घाबरता, वर्षानुवर्षं सराव कराल ते. ही कसोटी लावली की अर्ध्याअधिक वादांचा निकाल आपोआप लागतो.

लहान पिस्तुलाचंच घ्या. नवख्याला, विशेषतः बाईला किंवा वयस्कर माणसाला, सर्रास सल्ला मिळतो की छोटंसं, हलकंसं घ्या. सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण चुकीचा असतो. छोटं पिस्तूल कपड्यांआड लपवून नेण्यासाठी बनवलेलं असतं. घरात ते कुणापासून लपवून अंगावर वागवायचं नसतं, म्हणजे त्याचा एकमेव फायदा इथे कामाचा नाही आणि तोटे सगळे पदरात येतात. वजन कमी म्हणून धक्का जास्त. मूठ आखूड म्हणून करंगळी खाली लोंबकळते आणि प्रत्येक गोळीनंतर पकड सरकते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, लहान आणि हलकी असल्यामुळे तिला आवरायला आतली स्प्रिंग कडक ठेवावी लागते, त्यामुळे ज्यांच्या हातात जोर कमी त्यांनाच ती मागे खेचणं जड जातं. नेमसुद्धा बिघडतो, आणि तो किती हे साध्या गणिताने कळतं. नेम धरायची पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि मागची खाच यांत १५ सेंटीमीटर अंतर असेल आणि माशी खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर ७ मीटरवर गोळी साधारण ४७ मिलिमीटर बाजूला जाते. तेच अंतर १० सेंटीमीटर असेल तर तेवढ्याच चुकीला ७० मिलिमीटर.

मधल्या किंवा पूर्ण आकाराचं पिस्तूल हातात घेऊन बघा. नळी हाताच्या रेषेत सरळ असताना तर्जनीचं पेर ट्रिगरवर सपाट बसलं पाहिजे, बोट ताणावं लागता कामा नये. मूठ फार जाड असली की माणूस नकळत पिस्तूल तळव्यात फिरवून धरतो आणि धक्का अंगठ्याच्या सांध्यावर घेतो. स्लाइड खेचताना दोन बोटांच्या चिमटीत धरू नका. डावा तळवा वरून घट्ट ठेवा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला, नळी मात्र समोरच्या सुरक्षित दिशेलाच राहिली पाहिजे. ‘मला खेचता येत नाही’ म्हणणारे कितीतरी जण एवढा बदल केल्यावर सहज खेचताना मी पाहिले आहेत.

तरीही ज्यांना ते जमत नाही, संधिवात आहे, मनगट दुखतं, त्यांच्यासाठी रिव्हॉल्वर अजून कालबाह्य झालेलं नाही. चक्री उघडली की गोळ्या आहेत की नाहीत ते डोळ्यांना दिसतं. एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढची समोर येते. १८९८ पासून चालत आलेली .३८ स्पेशल गोळी जरा वजनदार रिव्हॉल्वरमधून झाडली तर धक्का बेताचा असतो. मात्र त्याचा लांब आणि जड ओढ असलेला ट्रिगर शिकायला बराच वेळ खातो. आजच्या बऱ्याच पिस्तुलांचा ट्रिगर अडीच किलोच्या आसपास ओढीला सुटतो, रिव्हॉल्वरला त्याच्या जवळजवळ दुप्पट लागते. आणि अगदी हलकं, आखूड नळीचं रिव्हॉल्वर नवख्याच्या हाती देणं म्हणजे दहा गोळ्यांत त्याचा सरावातला रस संपवणं.

आता गोळी. इथे मी .२२ची, म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाच्या बारीक गोळीची, बाजू जोरात घेतो. .२२ लाँग रायफल ही १८८७ सालची गोळी, शिसं जेमतेम अडीच ग्रॅमचं. धक्का नावापुरता, आवाज त्यातल्या त्यात कमी, खर्च कमी. श्वास, पकड, माशीवर नजर, ट्रिगरची सरळ ओढ, हे सगळं शिकताना शरीराला धक्क्याची भीती नसावी, आणि ते .२२वर जसं साधतं तसं दुसऱ्या कशावर साधत नाही. पण तीच .२२ घराच्या रक्षणासाठी ठेवा असं मी म्हणणार नाही. तिची ठिणगी पाडणारी दारू काडतुसाच्या कडेत भरलेली असते, आणि कडेत ती सगळीकडे सारखी न पसरल्यामुळे न उडणाऱ्या गोळ्यांचं प्रमाण मध्यावर कॅप असलेल्या काडतुसांपेक्षा जास्त राहतं. शिवाय हल्ला थांबवण्याची तिची ताकदही कमी. म्हणून शिकायला .२२, तीही शक्यतो क्लबची किंवा प्रशिक्षकाची, आणि हात बसल्यावर विकत घ्यायचं ते ९ मिलिमीटर.

९ मिलिमीटरच का, आणखी दणकट का नको, हा वाद जुना आहे, आणि त्याचा सर्वांत महागडा प्रयोग एका मोठ्या संस्थेने करून झालेला आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरून हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. खापर त्या गोळीवर फुटलं. एफबीआयने जास्त ताकदीची १० मिलिमीटर घेतली. तिचा धक्का पुष्कळांना आवरेना, म्हणून तिच्यातली दारू कमी केली, आणि त्याच वाटेवर १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू ही मधली गोळी आली. कितीतरी पोलीस दलं तिच्याकडे वळली. पुढे पाव शतक गेलं आणि एफबीआय पुन्हा ९ मिलिमीटरवर आली. दरम्यान गोळ्यांची बनावट सुधारली होती, जिलेटिनच्या ठोकळ्यात ३० ते ४५ सेंटीमीटर शिरण्याची त्यांची अट ९ मिलिमीटर पुरी करत होती. आणि बहुतेक अधिकारी कमी धक्क्याच्या पिस्तुलाने जास्त वेगाने आणि जास्त अचूक मारा करत होते. ज्यांचं पोट या कामावर आहे, ज्यांना सरकारी खर्चाने गोळ्या मिळतात, त्यांनाही जे झेपलं नाही, ते महिन्यातून एकदा रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) येणाऱ्या गृहस्थाच्या गळ्यात का मारायचं?

चकमकीत गोळी लागणं मुळातच किती दुरापास्त असतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. न्यूयॉर्क पोलिसांच्या प्रशिक्षणाचा रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने २००८ साली अभ्यास प्रसिद्ध केला. १९९८ ते २००६ या काळात समोरूनही गोळ्या येत होत्या अशा प्रसंगी पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी १८च गोळ्या लक्ष्यावर लागल्या होत्या. समोरून गोळीबार नव्हता तेव्हाही प्रमाण ३०च्याच आसपास होतं. ही वर्दीतली, शिकवलेली, दरवर्षी परीक्षा देणारी माणसं. न लागलेल्या बाकीच्या गोळ्याही कुठेतरी जाऊन थांबतातच. घरात त्या कुठे थांबतील? हँडगनची कुठलीही कामाची गोळी लाकडी किंवा जिप्समच्या पातळ भिंती एकामागून एक भेदून जाते, आणि भिंतीपलीकडे कुणाचा पलंग आहे हे गोळीला ठाऊक नसतं. नेमबाजांना शिकवल्या जाणाऱ्या चार मूळ नियमांतला चौथा याचसाठी आहे: लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, दोन्हींची खात्री करा. बाकीचे तीन म्हणजे प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचं नाही त्याच्यावर नळी फिरवू नका, आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवा. हे चार नियम पाठ म्हणून दाखवायला दोन मिनिटं पुरतात. झोपेतून दचकून उठल्यावर बोट आपोआप ट्रिगरबाहेर राहील इतके अंगी मुरायला महिने लागतात.

सराव म्हणजे काय हे पाहायचं असेल तर एक साधी कसरत बघा. प्रशिक्षक नवख्याचं मॅगझिन (मुठीत बसणारा गोळ्यांचा डबा) स्वतः भरतो आणि खऱ्या काडतुसांत मधेच एखादं खोटं, निर्जीव काडतूस घालतो. ते कितव्या नंबरवर आहे हे झाडणाऱ्याला माहीत नसतं. एक गोळी उडते, दुसरी उडते, आणि तिसऱ्या वेळी नुसता ‘टक’ असा आवाज येतो. धक्का तर बसलेलाच नसतो, तरी पिस्तुलाचं तोंड चांगलं बोटभर खाली गेलेलं दिसतं. धक्का येणार म्हणून शरीराने तो यायच्या आधीच हात खाली दाबलेला असतो. खऱ्या गोळीच्या वेळी ही चूक आवाजात आणि उसळीत लपून जाते, आणि माणूस मागची खाच इकडेतिकडे सरकवून नेम सुधारत बसतो. मी या कसरतीत भल्याभल्या धिप्पाड माणसांचे चेहरे पडलेले पाहिले आहेत. यावर उपाय म्हणजे हळू, न थकता, पुन्हा पुन्हा केलेली ट्रिगरची ओढ. त्यातला मोठा भाग गोळीशिवाय, रिकाम्या पिस्तुलावर करता येतो. मात्र त्या वेळी त्या खोलीत एकही काडतूस नसावं.

आणि रिकामं म्हणजे काय, हेही शिकावंच लागतं. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, हा समज जीवघेणा आहे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, चढलेली एक गोळी तिथेच असते आणि बहुतेक पिस्तुलं मॅगझिनशिवायही ती झाडतात. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे खेचून अडकवायची, चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. हा क्रम उलटला, आधी स्लाइड खेचली आणि मग मॅगझिन काढलं, तर खेचताना बाहेर पडलेल्या गोळीच्या जागी दुसरी चढून बसते, आणि हातात ‘रिकामं’ पिस्तूल असल्याच्या समजुतीत माणूस भरलेलं पिस्तूल धरून उभा असतो. ज्या घरात पिस्तूल आहे त्या घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला एवढं तरी आलंच पाहिजे. परवाना एकाच्या नावावर असतो, धोका सगळ्यांच्या वाट्याला येतो.

रात्रीच्या प्रसंगाबद्दल थोडक्यात. अंधारात हललेली आकृती कुणाची आहे हे पाहायला हातात वेगळी टॉर्च हवी. पिस्तुलावर बसवलेल्या दिव्यावर मी समाधान मानणार नाही, कारण त्याने बघायचं तर आधी माणसावर नळी रोखावी लागते. घरभर फिरून चोर शोधण्याची हौस नको. सगळ्यांना एका खोलीत घ्यावं, दार लावावं, फोन करावा, आणि दारापाशी थांबावं. आत्मसंरक्षणाचा कायदा सामान्यतः समोर उभ्या असलेल्या प्राणघातक धोक्यापुरताच पाठीशी उभा राहतो. टीव्ही घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणारा स्वतःच आरोपी होऊ शकतो. हे सगळं पिस्तुलासोबतच्या माहितीपत्रकात कुणी वाचत नाही. ते समोरासमोर, प्रश्न विचारून, करून घेऊनच शिकवावं लागतं.

साठवणीबद्दल मात्र मी थोडक्यात बोलणार नाही, कारण घरातल्या हँडगनने होणारे बहुतेक अनर्थ चोरांशी संबंधितच नसतात.

अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. ८ ते १२ वर्षांच्या मुलांचे २९ छोटे गट एकेक करून एका खोलीत १५ मिनिटं सोडले. खोलीतल्या खणात खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलेलं होतं, आणि संशोधक एकतर्फी काचेतून पाहत होते. २१ गटांना ते सापडलं. १६ गटांनी ते हाताळलं. १० गटांत कुणीतरी ट्रिगर ओढला. आणि ज्यांनी हाताळलं किंवा ट्रिगर ओढला त्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना बंदुकीपासून जपून राहण्याचे धडे आधी मिळालेले होते. ‘आमच्या मुलांना आम्ही सांगून ठेवलंय’ हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. आईबाप ते मनापासून बोलतात, आणि तेवढ्यावरच निश्चिंत राहतात.

दुसरं उदाहरण जर्मनीतलं. ११ मार्च २००९ रोजी विन्नेंडेन गावात एका १७ वर्षांच्या मुलाने आपल्या जुन्या शाळेपासून सुरुवात करून १५ जणांना मारलं आणि शेवटी स्वतःला. वडील नेमबाजी क्लबचे सदस्य होते. त्यांची बाकीची हत्यारं नियमाप्रमाणे तिजोरीत होती. एक ९ मिलिमीटरचं पिस्तूल तेवढं झोपायच्या खोलीत, कुलपाविना ठेवलेलं होतं, आणि मुलाने तेच उचललं. पुढे न्यायालयाने वडिलांनाही निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूंसाठी दोषी धरलं. त्याच वर्षी कायदा बदलला आणि परवानाधारकाने हत्यारं कशी ठेवली आहेत हे विशेष संशय नसतानाही तपासण्याचा अधिकार प्रशासनाला मिळाला.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल हत्याराच्या चर्चेत सगळ्यात कमी बोललं जातं. कॅलिफोर्नियातल्या सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांचा माग १२ वर्षं ठेवणारा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हँडगन असलेल्या पुरुषांत स्वतःवर गोळी झाडून मरण्याचं प्रमाण ती नसलेल्यांच्या आठपट होतं, स्त्रियांत पस्तीसपटीहून जास्त. पहिल्या खरेदीनंतरचे दिवस सर्वांत धोक्याचे होते, पण निम्म्याहून जास्त मृत्यू खरेदीला वर्ष उलटून गेल्यावरचे होते. म्हणजे मरायचं ठरवून घेतलेल्या हत्यारांपुरती ही गोष्ट नाही. चोरासाठी घेतलेलं हत्यार घरात असतं, आणि कधीतरी घरातल्या एखाद्यावर वाईट काळ येतो. तो काळ सरतोही, मदत मिळाली तर बहुतेक माणसं त्यातून बाहेर येतात. बंदूक मात्र त्या माणसाला सावरायला वेळच देत नाही. इस्राएलच्या सैन्याने २००६ साली जवानांना सुट्टीत रायफल घरी न नेता तळावर ठेवायला लावलं, आणि जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. मधे काही तासांचं अंतर पडलं, आणि जीव वाचले.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: कुलपात ठेवलेलं पिस्तूल ऐनवेळी काय कामाचं? आक्षेपात तथ्य आहे. हेलर निकालातही घरातलं हत्यार कायम सुटे भाग करून किंवा ट्रिगरला कुलूप घातलेलं ठेवण्याची सक्ती रद्द झाली, ती याच मुद्द्यावर. पण त्या निकालानंतरही सुरक्षित साठवणीचे कायदे शक्य आहेत, आणि उशीखालचं पिस्तूल व अडगळीच्या खोलीतली तिजोरी यांच्या मधलं साधन बाजारात कधीचं आहे. पलंगाशेजारी बोल्टने पक्की केलेली, चार-पाच बटणांची छोटी पोलादी पेटी. बटणं बोटांना अंधारात चाचपून कळतात, क्रम पाठ असला की दार काही सेकंदांत उघडतं. हे उघडणंही सरावाचाच भाग आहे. दिवे घालवून, झोपेतून उठून, डाव्या हाताने उघडून बघा. ज्याला ते जमत नाही, त्याला पेटी नसतानाही ऐनवेळी ते पिस्तूल धड वापरता येणार नाही, हे मी खात्रीने सांगतो.

खरा कठीण आक्षेप दुसरा आहे. स्वसंरक्षण हा हक्क असेल तर त्याला परीक्षेची अट कशी? आणि जिच्या मागे एखादा माथेफिरू लागला आहे, जिला आज रात्रीच धोका आहे, तिने सहा महिने रेंजवर घालवायचे का? जर्मनीत खेळासाठी हत्यार मागणाऱ्याला क्लबमध्ये किमान १२ महिने नियमित नेमबाजी केल्याचं दाखवावं लागतं. पंचविशीच्या आतल्याला पहिल्या मोठ्या बोअरच्या (जाड गोळीच्या) हत्यारासाठी मानसिक योग्यतेचा दाखलाही लागतो. खेळासाठी ही अट मला योग्य वाटते. जिवाला तातडीचा धोका असलेल्या बाईसाठी ती क्रूर ठरेल. तिच्यासाठी वाट वेगळी हवी: अर्ज आला की काही दिवसांतच, सरकारी खर्चाने, प्रशिक्षकासोबत सलग शिकवणी, आणि तोवर पोलिसांचं संरक्षण. शिकवणी टाळून पिस्तूल तेवढं हातात ठेवणं मला तिच्यावरचाच अन्याय वाटतो. अशा प्रसंगी हल्लेखोर बहुधा ओळखीचा असतो, त्याला घराची बारीकसारीक माहिती असते, आणि क्षणभर अडखळलेल्या हातातून हत्यार त्याच्या हाती जाण्याची भीती तिथे सर्वांत जास्त.

गरिबाला शिकवणीचा खर्च आणि वेळ परवडणार नाही, हाही मुद्दा खरा आहे. म्हणून खर्च शासनाने उचलावा. ज्या शासनाला नागरिकाच्या हाती हत्यार देणं योग्य वाटतं त्याला त्या नागरिकाला शिकवणंही आपलं काम वाटलं पाहिजे. गुन्हेगार कुठे शिकतात, असं कुणी म्हणेल. गुन्हेगारांसाठी ही अट नाहीच. खणातलं पिस्तूल, चुकून झाडलेली गोळी, अंधारात न ओळखलेला मुलगा, हे कायदा पाळणाऱ्या घरांत घडतं, आणि तिथेच ती लागू पडते.

परीक्षा तरी कसली असावी? कागदावरचे प्रश्न कमी. समोर भरलेलं पिस्तूल ठेवावं आणि ते योग्य क्रमाने रिकामं करून दाखवायला सांगावं. ७ मीटरवर घाई न करता सगळ्या गोळ्या एका वहीच्या पानात बसवायला सांगावं. मंद उजेडात दोन आकृती उभ्या कराव्यात, एकीच्या हातात चाकू आणि दुसरीच्या हातात फोन, आणि न झाडण्याचा निर्णय घेता येतो का ते बघावं. पेटी आधी बसवलेली असावी, बसवल्याची तपासणी व्हावी, मगच हत्यार घरी जावं. नूतनीकरणाच्या वेळी हे सगळं पुन्हा व्हावं, कारण बोटं विसरतात. ज्याला यातल्या कशासाठीच वेळ नाही, त्याने भक्कम दार, चांगलं कुलूप, बाहेरचा दिवा आणि अलार्म यांवर खर्च करावा. त्याने जास्त सुरक्षितता मिळेल, आणि त्यात कुणालाच कमीपणा नाही.

आणखी एक सोय कायद्याने करावी, आणि तिच्यासाठी मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. घरातल्या कुणावर वाईट काळ आला, नोकरी गेली, घटस्फोट झाला, औषधं सुरू झाली, तर काही महिन्यांसाठी हत्यार ठेवायला रेंजवर, विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जागा मिळावी. कारण विचारू नये, परवान्यावर शेरा मारू नये, नुसती पावती द्यावी. घरातल्या दुसऱ्या माणसालाही, मालकाच्या संमतीने, ते आणून देता यावं. परत न्यायला येणाऱ्याने प्रशिक्षकाशी चार शब्द बोलावे, पिस्तूल रिकामं करून दाखवावं, पुन्हा त्या ७ मीटरच्या रेषेवर उभं राहावं, आणि हात ठीक असेल तर त्याच दिवशी घेऊन जावं.